टॅग काढले आणि दीड वाटीची साडेपाच झाली : जुन्या अंकांच्या सफाईच्या नोंदी

आमच्या वसाहतीच्या मंडळाचं वार्षिक २००१ ते २०१२ या काळात छापून निघायचं, आणि वेबवरही चढायचं. ती वेबसाइट कधीच बंद पडली. उरली ती एक सीडी, तीही माळ्यावरच्या डब्यात. माझी आत्या बारा वर्षं त्यात पाककृती आणि लेख लिहायची. काचबिंदूनं तिची नजर गेली, आणि आता तिला स्वतःचं जुनं लिखाण ऐकायचंय. तिच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए हा पडदा-वाचक प्रोग्राम आहे, तो मराठी वाचून दाखवतो. पण जुनी पानं उघडली की मजकुराऐवजी चौकटी, तक्ते आणि कुठल्या फॉन्टाचं काय, याच भानगडी.

म्हणून काम ठरलं ते असं : सगळ्या पानांतले टॅग (पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या, कोनी कंसांतल्या खुणा) काढायचे, नुसता वाचता-ऐकता येईल असा मजकूर ठेवायचा. मला वाटलं, एका शनिवार-रविवारचं काम. लागले सहा आठवडे. तेच करायला बसलेल्या दुसऱ्या कुणाचे दोन तरी वाचावेत म्हणून या नोंदी. कोड देत नाही, कारण माझ्या फाइलींचे आजार तुमच्या फाइलींना असतीलच असं नाही. कुठे आपटले तेवढं सांगते.

८ जून २०२४, शनिवार

लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. बाहेरून जोडायचा घेतला, ९५० रुपये. तीन फाइली वाचेना. सीडी मऊ कापडानं मधून कडेकडे पुसली (गोल गोल नाही), तरी एक अडलीच. ती शेजाऱ्यांच्या जुन्या डेस्कटॉपवर निघाली.

एकूण ४१२ पानं. वरवर पाहता तीन जातींची :
२००१ ते २००४ : ९६ फाइली. युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला सर्वमान्य क्रमांक) नाही, जुन्या फॉन्टातलं टंकन.
२००५ ते २००८ : १८७ फाइली. वर्ड प्रोसेसरमध्ये लिहून ‘वेबपेज म्हणून सेव्ह’ केलेल्या.
२००९ ते २०१२ : १२९ पानं, ती एकाच डेटाबेस डंपमध्ये (साइटचा साठवलेला सगळा मजकूर ओतलेली फाइल).

आज एवढंच केलं की सगळ्याची एक प्रत ‘मूळ’ नावाच्या फोल्डरात टाकून ते फोल्डर फक्त-वाचनासाठी केलं. सहा आठवड्यांत केलेली ही एकच गोष्ट, जी दुरुस्त करावी लागली नाही.

९ जून, रविवार

सोपा रस्ता धरला. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एका ओळीचं रेजेक्स (नमुना सांगून मजकूर शोधायची आज्ञा) : उघडणारा कोनी कंस दिसला की बंद होणाऱ्या कंसापर्यंत सगळं उडव. त्याआधी एनबीएसपी, एएमपी, एलटी वगैरे संकेत (खास चिन्हांऐवजी पानात लिहितात ते) उलगडून घेतले, म्हणजे तेही एका फटक्यात जातील. चार सेकंदांत २८३ फाइली ‘साफ’. (डंपला अजून हात लावला नव्हता.)

उघडून पाहिलं तर २००५नंतरच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘नॉर्मल, शून्य, फॉल्स, फॉल्स, फॉल्स’ आणि त्याखाली पानभर रंग, समास, फॉन्टांची मापं. टॅग गेले होते, पण टॅगांच्या पोटातला माल तसाच राहिला होता. वर्ड प्रोसेसर स्वतःसाठी काही खुणा पानावर न दिसणाऱ्या टिप्पणीत लपवून ठेवतो. रेजेक्सनं त्या टिप्पणीचं कवच फोडलं आणि आतलं सगळं मजकुरात सांडलं.

ते हातानं काढायला आणखी दोन रेजेक्सं लिहिली. मग चौथं, मग पाचवं. रात्री अकराला समाधान वाटलं, हे मुद्दाम नोंदवते.

१० जून, सोमवार रात्र

ऑफिसातून आल्यावर सहज चार लेख वाचले. मधुमेहावरच्या एका लेखात वाक्य होतं : ‘उपाशीपोटी साखर १२६ आली तर निर्धास्त राहा.’ मी दोनदा वाचलं. मग मूळ फाइल उघडली.

मुळात क्रम हा : ‘उपाशीपोटी साखर १२६ आली तर’, पुढे ‘पेक्षा कमी’चं चिन्ह लावून कंसातल्यासारखी एक टीप की डॉक्टरांना लगेच दाखवा, आणि ‘१०० च्या आत असेल तर’, मग उलटं चिन्ह, आणि ‘निर्धास्त राहा’. लेखकानं ही दोन चिन्हं चक्क सजावटीचे कंस म्हणून वापरली होती. पानात ती नीट संकेतानं लिहिलेली होती, चूक त्यांची नव्हती. मी आधी संकेत उलगडले, त्यामुळे ते खरे कोनी कंस झाले, आणि मग माझ्याच रेजेक्सनं त्यांच्यामधला मजकूर टॅग समजून खाल्ला. मागे राहिलं ते वाक्य व्याकरणाला धरून आहे, फक्त माणूस मारणारं आहे.

(ती चिन्हं मी इथे मुद्दाम अक्षरांत लिहितेय. या नोंदीही कधी कुणी अशाच चाळणीतून घातल्या तर एवढा परिच्छेद तरी वाचेल.)

कचरा उरला तर तो डोळ्यांना दिसतो. जास्तीचं गेलं तर दिसत नाही. रेजेक्सच्या पाचही ओळी काढून टाकल्या. वेळ गेला : नऊ तास.

१५ जून, शनिवार

आज पार्सर. पायथनमधलं ब्यूटिफुल सूप. ते पान आधी झाडासारखं मांडतं आणि मग मजकूर काढतं. टॅग आधी ओळखायचे, संकेत नंतर उलगडायचे, हा क्रम ते आपोआप पाळतं. टिप्पण्या मजकुरात येत नाहीत. साखरेचं वाक्य पूर्ण आलं.

पण आता नवीनच : ‘साहित्यदोन वाट्या रवाएक वाटी तूप’. तक्त्याच्या दोन खणांमध्ये मुळात जागा नव्हतीच, खण होते म्हणून ते शब्द वेगळे दिसायचे. खण गेले, शब्द चिकटले.

उपाय म्हणून प्रत्येक तुकड्यानंतर एक जागा सोडायला सांगितली. रवा आणि तूप सुटे झाले. लेख उघडले, तर पहिलाच शब्द ‘द िवाळी’. त्या काळी आमच्या संपादकांना लेखाचं पहिलं अक्षर ठसठशीत, लाल, मोठं करायची हौस. म्हणजे ‘द’ एका टॅगात आणि ‘िवाळी’ टॅगाबाहेर. मध्ये जागा पडली, आणि वेलांटी बिचारी ठिपक्यांच्या गोलाला धरून उभी.

१६ जून, रविवार

टॅगांचे दोन ढीग केले आणि गाडी रुळावर आली. परिच्छेद, शीर्षक, यादीतला मुद्दा, तक्त्याची ओळ हे सगळे उभे टॅग, ते गेले की तिथे नवी ओळ. ठळक, तिरपं, फॉन्ट, दुवा हे ओळीच्या आतले टॅग, ते गेले की तिथे काहीच नाही, जागासुद्धा नाही. तक्त्याच्या खणांमध्ये स्वल्पविराम, कारण ऐकताना तेवढा थांबा पुरतो. बीआर आला की ओळ मोडायची.

कवितांना वेगळा नियम लागला. गद्यात फाइलमधली मोडलेली ओळ ही नुसती सोयीची असते, तिची जागा करून टाकायची. पण २००७च्या अंकातल्या दोन कविता प्री टॅगात होत्या, तिथे मोडलेली ओळ म्हणजेच कवितेची ओळ. माझ्या नियमानं दोन्ही कवितांचा एकेक लांबलचक परिच्छेद झाला होता. खरं सांगायचं तर त्यातली एक वाचायला तशीच बरी वाटत होती. तरी दुरुस्त केली.

१८ जून, मंगळवार

आत्याकडे पन्नासेक फाइली पेनड्राइव्हवर नेल्या. तिनं पहिल्यांदा उघडली ती स्वतःचीच खव्याच्या पोळ्यांची कृती. लॅपटॉप बोलला : साखर, अकरा भागिले दोन वाटी.

आत्या म्हणाली, “अकराचे निम्मे म्हणजे साडेपाच. साडेपाच वाट्या साखर? पोळ्या करायच्यात की मुंग्यांचं लग्न लावायचंय गं?”

मूळ पानावर एक हा आकडा साधा होता, त्याच्या पुढचा एक लहान आणि वर, मग तिरकी रेघ, मग दोन लहान आणि खाली. डोळ्यांना ते दीड दिसतं. टॅग काढले की उरतं ‘११/२’. पावणेतीन वाट्यांचे ‘२३/४’ झाले होते. सगळ्या पाककृतींत मिळून अशा ८४ जागा निघाल्या, आणि त्यातली एकही मला वाचताना खटकली नव्हती. मी नजरेनं आकड्यांवरून घसरत जाते. कान तसं करत नाही.

दुरुस्ती : टॅग काढायच्या आधी, आकड्याला चिकटून वर-खाली लिहिलेला अपूर्णांक दिसला की तो शब्दांत लिहायचा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, पुढे साडे-. मराठीत यांना आयते शब्द आहेत ही केवढी सोय. ‘साखर दीड वाटी’ ऐकल्यावर आत्या पुढच्या ओळीवर गेली.

त्याच रात्री स्क्रिप्टच्या डोक्यावर एक यादी सुरू केली : कुठला टॅग गेला की कुठला अर्थ जातो. वर-खालचे आकडे यादीत पहिले. खोडलेला मजकूर दुसरा, कारण एका अंकात सहलीची तारीख खोडून नवी लिहिली होती आणि माझ्या प्रतीत सहल दोन तारखांना निघत होती.

२२ जून, शनिवार

आता २००१ ते २००४. याला मी घाबरूनच होते.

या फाइलींत मराठी नाहीच. त्या काळी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेले फॉन्ट वापरायचे. फाइलमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशी रोमन अक्षरं. त्यावर कृतिदेव चढवला की ‘मराठी’ दिसतं. फॉन्ट काढला की पुन्हा ई-जे-के-बी-एच.

माझ्याजवळ ९ जूनला ‘साफ’ केलेल्या ९६ फाइली तयार होत्या. त्या एका ऑनलाइन रूपांतर-सेवेत घातल्या, ४९९ रुपये भरून. परत आलं ते अर्धं मराठी, अर्धं बरळणं. ‘ईमेल’, ‘कॅलिफोर्निया’ असे जे शब्द मुळात खरोखर इंग्रजीत लिहिलेले होते, त्यांचंही देवनागरी करून ठेवलेलं. सेवेचा काही दोष नाही. कुठलं अक्षर मराठी समजायचं आणि कुठलं इंग्रजी, हे फाइलमध्ये एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, फॉन्ट टॅगात. आणि तो मीच काढून टाकला होता.

त्याहून मजेशीर भोकं होती. एका आठवणीच्या लेखात मुळात होतं, ‘ढोल वाजू लागला की माझं मन तिकडे धावायचं’. आलं ते ‘ं मन तिकडे धावायचं’. अर्धा तास डोकं खाजवल्यावर उलगडलं. कृतिदेवमध्ये ‘पेक्षा कमी’च्या चिन्हावर ढ बसवलाय आणि ‘पेक्षा जास्त’च्या चिन्हावर झ. म्हणजे माझ्या ९ जूनच्या रेजेक्सनं दर ढ पासून पुढच्या झ पर्यंतचा मजकूर टॅग म्हणून गिळला होता, आणि मागे झ वरचा अनुस्वार तेवढा पानावर टाकून गेला होता.

मूळ फोल्डरातून पुन्हा पहिल्यापासून.

२३ जून, रविवार

क्रम उलटा केला. टॅग असतानाच झाड चालायचं. मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला विचारायचं, तुझ्या वरचा सगळ्यात जवळचा फॉन्ट टॅग कोणता? कृतिदेव असेल तर रूपांतर, टाइम्स (इंग्रजीचा फॉन्ट) असेल तर हात लावायचा नाही. सगळं झाल्यावर मग टॅग काढायचे.

रूपांतराचा तक्ता हातानं केला. आमच्या फाइलींपुरत्या १९० नोंदी झाल्या. तीन गोष्टी ज्यांनी दिवस खाल्ला :

काना आणि अक्षराचा दांडा एकाच कळीवर. ‘भ’ म्हणजे अर्धा भ आणि एक काना, ‘भा’ म्हणजे अर्धा भ आणि दोन काने. आधी सुटा काना बदलला तर सगळे भ मोडके राहतात. म्हणून लांब जोड्या आधी, सुट्या कळा शेवटी.

पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, कारण ती दिसते तशी आधी. युनिकोडात ती नंतर. ‘दिवाळी’ची फाइलमधली सुरुवात वेलांटीनं होते. तिला उचलून द च्या पलीकडे ठेवायचं, आणि पुढे जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे.

रफार उलटा : टंकनात अक्षरानंतर, युनिकोडात आधी. ‘वर्ष’ मध्ये तो ष च्या मागून उचलून पुढे आणायचा. ‘वर्षा’ मध्ये कान्यावरून उडी मारून.

आणि हो, त्या लाल मोठ्या पहिल्या अक्षरांनी इथेही छळलं. ‘दिवाळी’तली वेलांटी एका फॉन्ट टॅगात, द दुसऱ्यात. तुकडे वेगवेगळे रूपांतरित केले तर वेलांटीला पलीकडे जायला अक्षरच नाही. शेजारचे एकाच फॉन्टातले तुकडे आधी जोडून घेतले, मग रूपांतर.

२९ जून, शनिवार

संध्याकाळी बसायचं ठरवलं होतं. बार्बाडोसला वर्ल्ड कपची फायनल होती. काम शून्य. सात धावांनी जिंकलो.

३० जून, रविवार

उशिरा उठून राहिलेले ढ आणि झ तपासले. ९६ पैकी ९१ फाइली नीट. पाचांमध्ये फॉन्ट टॅगच नव्हता, फॉन्ट वरच्या शैलीपत्रकात (दिसण्याच्या सूचनांच्या यादीत) एका वर्गाच्या नावानं दिलेला होता. तो वर्ग ओळखायला स्क्रिप्टमध्ये दोन ओळी घातल्या. या दोन ओळी सुचायला दीड तास.

६ जुलै, शनिवार

शेवटचा गठ्ठा, डेटाबेस डंप. इथली चूक शंभर टक्के माझी आहे आणि ती टॅगांची नाहीच.

डंप एका एडिटरात उघडला. पडदाभर डोक्यावर तिरकी रेघ असलेले ए, आणि मध्येमध्ये येनचं चिन्ह. ओळखीचा आजार : यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) मधली देवनागरी विंडोज-१२५२ (युरोपीय अक्षरांचा जुना तक्ता) समजून वाचली की असंच दिसतं. प्रत्येक देवनागरी अक्षराचे तीन बाइट, त्यांची तीन युरोपीय अक्षरं होतात. मी काय केलं, तर तशीच फाइल यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली, आणि मग स्क्रिप्टनं उलटं रूपांतर करून मराठी परत मिळवलं. मिळालंही. फक्त ‘पुण्यातल्या’च्या जागी प, चौकट, ण, चौकट, यातल, चौकट, या.

सुरुवातीला वाटलं काहीतरी किरकोळ आहे, शोधा-बदला करून जाईल. चौकटी मोजल्या तर हजारोंनी. पाहिलं की कुठली अक्षरं गेलीत : हलन्त, पहिला उकार, चंद्रबिंदू, ए, ऐ आणि झ. ठरावीक सहा. तेव्हा ट्यूब पेटली. विंडोज-१२५२च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत, आणि या अक्षरांचा तिसरा बाइट नेमका त्या जागांवर पडतो. एडिटरला तिथे काही सापडलं नाही, त्यानं चौकट ठेवली. सेव्ह केल्यावर मूळ बाइट गेला तो गेला. हलन्त आणि पहिला उकार यांचे आधीचे दोन बाइट सारखेच, त्यामुळे चौकटीकडे बघून ते दोन ओळखणंही अशक्य. जोडाक्षरांशिवाय मराठी वाचून बघा म्हणजे कळेल.

या मोडक्या प्रतीवर मी चार तास शब्दकोशातून अंदाज बांधायची स्क्रिप्ट लिहीत बसले होते. चार तास! ‘मूळ’ फोल्डर दोन क्लिकवर होतं.

७ जुलै, रविवार

मूळ डंप, एडिटर न उघडता, सरळ यूटीएफ-८ म्हणून पायथनमधून वाचला. एकही चौकट नाही. वीस मिनिटं.

डंपमधल्या काही लेखांत संकेत दोनदा गुंडाळलेले होते, म्हणजे एकदा उलगडल्यावरही एनबीएसपी अक्षरशः मजकुरात दिसतो. सरसकट दोनदा उलगडायचा मोह झाला. मग साखर आठवली. ज्या लेखांत एएमपीनंतर लगेच एनबीएसपी दिसतं तेवढ्याच ३१ लेखांना दुसऱ्यांदा उलगडलं, तेही टॅग काढून झाल्यावर.

१३ जुलै, शनिवार

सगळ्या ४१२ फाइली तयार. निवडक २१० पानं छापून (दोन रुपयांप्रमाणे ४२०) मंडळातल्या एका काकांना दिली होती. त्यांचं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं. आज गठ्ठा परत आला. शाईनं लाल झालेला.

पहिल्या पानावर, लग्नाच्या स्वयंपाकावरच्या लेखात, ‘आचार्याला सांगून मीठ कमी करवलं’ याखाली रेघ आणि शेजारी त्यांच्या वळणदार अक्षरात : ‘आचार्य मुदपाकखान्यात कधीपासून?’ पुढे ‘सह्याद्रीच्या दर्याखोर्यांत’ याला ‘सह्याद्रीत समुद्र आणलात.’ वार्यावर, बिचार्या, दुसर्या. सगळीकडे रफार.

म्हणजे आचाऱ्याचा आचार्य आणि दऱ्यांचा दर्या मी केला होता. कधी, ते शोधायला फार वेळ लागला नाही. २६ जूनला, कुठल्याच नोंदीत न लिहिलेलं एक ‘किरकोळ’ काम केलं होतं : न दिसणारी अक्षरं काढून टाकणं. शून्य रुंदीच्या जागा, फाइलच्या तोंडाशी येणारी खूण, अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह झेडडब्ल्यूजे, तोडणारं झेडडब्ल्यूएनजे. दिसत नाहीत म्हणजे कचरा, असं समजून.

‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि पाठीवर झेडडब्ल्यूजे. दिसायला दोन्ही सारखे. दुसऱ्या तऱ्हेतला झेडडब्ल्यूजे काढला की र आणि हलन्ताचा सरळ रफार होतो. आमच्या अंकांत बहुतेक सगळे दुसऱ्या तऱ्हेचे.

काकांना फोन केला. म्हणाले, “अहो, तुम्ही काढलंत ते दिसत नसेल, पण झालं ते तर दिसत होतं ना?”

१४ जुलै, रविवार

नवा नियम : अदृश्य अक्षरांना हात लावायच्या आधी साधा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे या तिकडीचं नुक्त्याचा ऱ आणि हलन्त असं करायचं. मग शून्य रुंदीच्या जागा आणि फाइलच्या तोंडची खूण तेवढी काढायची. उरलेले झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे असू देत, त्यांचा कुणाला त्रास नाही. पुन्हा सगळं मुळापासून चालवलं. पूर्ण गाडा आता अडीच मिनिटांत धावतो, त्यामुळे ‘मुळापासून’ म्हणायला भीती वाटत नाही.

आधीचे आणि नंतरचे शब्द मोजून ताडून पाहावेत म्हणून रेजेक्सच्या ‘शब्दातलं अक्षर’ या खुणेनं मोजले. आकडे भलतेच आले. पायथनमधली ती खूण काना-मात्रांना अक्षर मानत नाही. ‘मराठी’चे तिच्या लेखी दोन शब्द, ‘मर’ आणि ‘ठ’. मोकळ्या जागांवर तोडून मोजलं, जमलं. सहा फाइलींत शब्द कमी भरले, सहाही तपासल्या. चार ठिकाणी ‘मुखपृष्ठाकडे’, ‘पुढील पान’ असे दुवे मीच काढले होते. दोन ठिकाणी चित्राखालची ओळ चित्राच्या टॅगात लिहिलेली होती, ती परत आणली. आत्याला तीच जास्त उपयोगाची.

२० जुलै, शनिवार

हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं : सगळ्या तयार मजकुरात कुठलं अक्षर किती वेळा येतं त्याचा तक्ता काढला. वरचे ओळखीचे सोडून द्यायचे आणि तळातून वाचत यायचं. जे अक्षर बारा वर्षांत तीनदाच आलंय ते बहुधा चुकून आलंय. असे सतरा सापडले. एक पाउंडाचं चिन्ह, जे रूपांतराच्या तक्त्यातून निसटलं होतं. एका जागी सुटा अनुस्वार.

याच तक्त्यात दिसलं की ‘ॲ’ दोन तऱ्हांचा आहे. एका घोटातला ॲ युनिकोडात २००८ साली आला. त्याआधीचे लोक अ वर चंद्र देऊन लिहायचे. दिसायला सारखे, शोधायला वेगळे. आत्यानं ‘ॲलर्जी’ शोधलं असतं तर २००६चा लेख मिळाला नसता. सगळे एका घोटातले केले.

खर्च : ड्राइव्ह ९५०, वाया गेलेली सेवा ४९९, छपाई ४२०. एकूण १,८६९ रुपये. वेळ ६३ तास, त्यातले निम्मे तरी टॅग फार लवकर काढल्यामुळे गेलेले.

२१ जुलै, रविवार

पेनड्राइव्ह आत्याकडे. तिनं २००३ची चकलीची भाजणी लावली. तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक, मुगाची अर्धी, जिरे दोन चमचे. मी प्रत्येक आकड्याला मान डोलावत होते. संपल्यावर आत्या गप्प.

“धने कुठे गेले?”

माझ्या पोटात गोळा. तिथेच मूळ फाइल उघडली, टॅगांसकट ओळ न ओळ पाहिली. धने नाहीत. मग कपाटातून २००३चा छापील अंक काढला. त्यातही नाहीत.

“मीच विसरले असणार,” आत्या म्हणाली. “एकवीस वर्षं लोकांनी बिनधन्याच्या चकल्या केल्या आणि एकानं विचारलं नाही.”

मूळ फाइल तशीच ठेवलीय. साफ प्रतीत जिऱ्यांच्या आधी चौकटी कंसात घातलं : धने, पाव वाटी, लेखिकेच्या सांगण्यावरून, २१ जुलै २०२४.